वाचकांचे प्रश्न : ‘आकाशवाणी, सेय्दिगळ् वासिप्पदु सरोज नारायणस्वामी’

रेडिओवरच्या जुन्या आवाजांविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी बरेचसे या वेळी एकाच व्यक्तीभोवती फिरणारे निघाले. माटुंग्याच्या एका वाचिकेने पहिला प्रश्न विचारला आणि त्याच्या अनुषंगाने बाकीचे आले. म्हणून हा संपूर्ण स्तंभ त्या एका वृत्तनिवेदिकेला आणि तिच्या कामाला दिला आहे.

प्रश्न : मी माटुंग्याला लहानाची मोठी झाले. आमच्या शेजारी तमिळ कुटुंब राहत असे. त्यांच्या घरी सकाळी रेडिओवर एका बाईंच्या आवाजात बातम्या लागत. मला तमिळ येत नव्हते, आजही येत नाही. पण बातम्यांच्या आरंभी येणारे एक वाक्य ऐकून ऐकून पाठ झाले होते आणि त्यात ‘सरोज नारायणस्वामी’ हे नाव असे. या बाई कोण होत्या? (एक वाचिका, माटुंगा)

उत्तर : आपल्याला पाठ झालेले वाक्य तमिळ भाषकांच्या किमान दोन पिढ्यांना पाठ आहे. ‘आकाशवाणी, सेय्दिगळ् वासिप्पदु सरोज नारायणस्वामी’ असे ते वाक्य. सरोज नारायणस्वामी या आकाशवाणीच्या दिल्ली येथील वृत्तसेवा विभागात तमिळ बातम्यांच्या अनुवादक आणि वृत्तनिवेदिका होत्या आणि सुमारे पस्तीस वर्षे त्यांनी ते काम केले. आपण माटुंग्याहून विचारता, म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगतो : त्या मूळच्या आपल्याच शहरातल्या. घराणे तंजावरकडचे, पण जन्म आणि वाढ मुंबईतली. म्हणजे ज्या आवाजाला तमिळनाडूतल्या खेड्यापाड्यांनी शुद्ध तमिळचा आवाज मानले, तो आवाज तमिळ प्रदेशात वाढलेलाच नव्हता. मुंबईत घडला, दिल्लीत कामाला लागला आणि शेवटी मुंबईतच शांत झाला. १३ ऑगस्ट २०२२ रोजी त्यांचे मुंबईत निधन झाले, तेव्हा त्या ८७ वर्षांच्या होत्या. तमिळनाडू शासनाचा ‘कलैमामणी’ हा सन्मान त्यांना मिळाला होता. निवृत्तीनंतरही त्यांचा आवाज अनेक माहितीपटांतून ऐकू येत राहिला.

आता त्या वाक्याचा अर्थ. ‘सेय्दि’ म्हणजे बातमी, ‘सेय्दिगळ्’ हे तिचे अनेकवचन. ‘वासिप्पदु’ म्हणजे वाचणे, वाचण्याची क्रिया; हा शब्द आपल्या कानाला ‘वाचा’, ‘वाचणे’ यांच्या जवळचा वाटतो तो उगीच नव्हे. मराठीत आपण ‘अमुक अमुक आपल्याला बातम्या देत आहेत’ असे म्हणतो, त्यात वाचणारी व्यक्ती वाक्याचा कर्ता असते. तमिळ वाक्याची ठेवण वेगळी आहे : ‘बातम्यांचे वाचन – सरोज नारायणस्वामी’ असे काहीसे ते होते. क्रियेला स्त्रीलिंगही नाही, पुल्लिंगही नाही. वाचणारी व्यक्ती स्त्री आहे हे केवळ नावावरून आणि आवाजावरून कळायचे. नावाविषयीही एक माझे निरीक्षण आहे. तमिळ घरांत या नावाचे रूप सहसा ‘सरोजा’ असे आकारान्त असते. ‘सरोज’ हे आपल्याकडचे आणि उत्तरेकडचे वळण. मुंबईची खूण त्यांच्या नावातच राहिली होती, असे मला वाटते.

प्रश्न : तमिळ श्रोते मद्रासकडे, मग बातम्या दिल्लीहून वाचण्याचे कारण काय? आणि वृत्तनिवेदिकेने केवळ समोर आलेला कागद वाचायचा असतो ना? (निवृत्त शिक्षक, सातारा)

उत्तर : आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागात जो समज आहे तो फार पसरलेला आहे आणि या लोकांच्या कामाची किंमत त्यामुळेच कमी धरली गेली, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देतो. आधी पहिला भाग.

तमिळ प्रदेशात रेडिओ दिल्लीहून आलेला नाही. १९२४ मध्ये मद्रासमध्ये काही हौशी मंडळींनी रेडिओ क्लब काढला होता. पैशांअभावी तो १९२७ मध्ये बंद पडला आणि त्याचे प्रक्षेपण यंत्र मद्रास महापालिकेकडे गेले. महापालिकेने १९३० पासून स्वतःची नियमित प्रक्षेपण सेवा चालवली, मरीना किनाऱ्यासारख्या सार्वजनिक ठिकाणी ध्वनिक्षेपक लावून लोकांना कार्यक्रम ऐकवले. ऑल इंडिया रेडिओचे मद्रास केंद्र १९३८ मध्ये आणि तिरुचिरापल्ली केंद्र १९३९ मध्ये सुरू झाले. त्याच वर्षी दुसरे महायुद्ध पेटले. बातमी हाताबाहेर जाऊ देणे सरकारला परवडणारे नव्हते. नोव्हेंबर १९३९ पासून सर्व भाषांतील बातम्या दिल्लीहून देण्याची व्यवस्था झाली आणि स्वातंत्र्यानंतरही ती टिकली. १५ ऑगस्ट १९४७ च्या स्वातंत्र्याची बातमी तमिळमध्ये दिल्लीहूनच वाचली गेली. ती वाचणारे पूर्णम् विश्वनाथन पुढे तमिळ चित्रपटांतले नामवंत चरित्र अभिनेते झाले. आपण मराठी श्रोते सकाळी साडेआठच्या ज्या दिल्लीच्या बातम्या ऐकत असू, त्यांच्यासारख्याच सव्वासातच्या बातम्या तमिळ घरांत ऐकल्या जात.

आता ‘समोर आलेल्या कागदा’विषयी. दिल्लीत संसद मार्गावरच्या आकाशवाणीच्या इमारतीत एक मध्यवर्ती वृत्तकक्ष असे. देशभरातले वार्ताहर आणि वृत्तसंस्था यांच्याकडून आलेला मजकूर तिथे निवडला जाई आणि त्याचा इंग्रजी मसुदा तयार होई. हा मसुदा एकेक पान करून भाषा विभागांकडे जात असे. तमिळ विभागात तो येई तेव्हा इंग्रजीत येई. वृत्तनिवेदकाच्या पदाचे नावच मुळी ‘वृत्तनिवेदक आणि अनुवादक’ असे होते, आणि सरोज नारायणस्वामी यांनी आपल्या आवाजात जे वाचले त्याचे तमिळही बहुतांशी याच टेबलावर, त्याच तासाभरात घडत असे.

हे काम कसे असेल याची कल्पना करून पाहावी. सव्वासातच्या बातम्यांसाठी पहाटेच्या अंधारात कार्यालयात पोचायचे. रात्रीतून साचलेला मजकूर वाचायचा, दहा मिनिटांत काय बसेल याचा अंदाज घ्यायचा, हाताने लिहून किंवा टंकलेखकाला तोंडी सांगून अनुवाद करायचा, आणि तो चालू असतानाच वृत्तकक्षातून सुधारित पान यायचे की आधीची बातमी रद्द, हिच्यात मृतांचा आकडा बदलला आहे, तिच्यात मंत्र्यांच्या नावाचे अक्षर चुकले आहे. स्टुडिओत बसल्यावर तांबडा दिवा लागला की पुढची दहा मिनिटे मागे फिरता येत नाही. मधेच कोणीतरी काचेच्या पलीकडून दार उघडून आवाज न करता आत येते आणि समोर इंग्रजीतला एक चिठोरा ठेवते. ती ताजी बातमी. तिचा अनुवाद करायला आता टेबल नाही, कोश नाही, वेळ नाही. हातातली बातमी वाचत असतानाच डोळ्याच्या कोपऱ्याने तो चिठोरा वाचून घ्यायचा आणि सरळ तमिळमध्ये उच्चारायचा. श्रोत्याला यातले काही कळता कामा नये. हे आठवड्यातून एकदा नव्हे, तर पाळी असेल त्या प्रत्येक दिवशी.

अशा प्रसंगी अनुवादकाला अडवणारी गोष्ट शब्द नसते, वाक्य असते. इंग्रजीत ‘पंतप्रधान म्हणाले की’ असा आरंभ होऊन मग म्हणणे येते. तमिळमध्ये, आपल्या मराठीच्या वळणाप्रमाणेच, म्हणणे आधी आणि ‘असे ते म्हणाले’ शेवटी. तमिळमधला ‘एन्ड्रु’ हा शब्द आपल्या ‘असे’ किंवा ‘म्हणून’ची जागा घेतो आणि वाक्याच्या टोकाला क्रियापदाच्या आधी येऊन बसतो. तमिळमध्ये नकारही बहुधा शेवटी क्रियापदालाच चिकटतो. म्हणजे चिठोऱ्यावरचे वाक्य उलटे धरून शेवटापासून वाचायला घ्यावे लागते. आणि ते वाचताना आवाज मधेच खाली पडला तर ‘झाले’ की ‘झाले नाही’ हे श्रोत्याच्या कानापर्यंत पोचतच नाही. सरोज नारायणस्वामी यांच्या वाचनाबद्दल जाणकार जे नेहमी बोलतात ते हेच की त्यांच्या वाक्याचे शेवटचे अक्षरही पहिल्याइतकेच ठसठशीत ऐकू येई.

त्याला आणखी एक कारण होते, तांत्रिक. दिल्लीहून निघालेले हे वार्तापत्र दक्षिणेकडच्या केंद्रांना लघुलहरींवरून (शॉर्टवेव्हवरून) उचलून पुन्हा प्रक्षेपित करावे लागे. लघुलहरींवर आवाज लाटेसारखा वर-खाली होतो, खरखर असते, आणि त्या खरखरीत सर्वांत आधी बुडतात ती व्यंजने. स्वर कसाबसा तग धरतो. १९८० च्या दशकात इन्सॅट उपग्रहाद्वारे कार्यक्रम केंद्रांपर्यंत पोचू लागले तेव्हा ही अडचण कमी झाली. तोवर मात्र वाचणाऱ्याने प्रत्येक व्यंजन असे उच्चारायचे की दीड-दोन हजार किलोमीटरचा प्रवास करूनही ते शाबूत उतरावे. गोड आवाजाने हे साधत नाही. तो जिभेचा आणि श्वासाचा रियाज आहे.

प्रश्न : माझ्या तमिळ सहकाऱ्यांच्या बोलण्यात ‘तिचे उच्चार’ हा विषय वारंवार येतो. उच्चार स्पष्ट असणे ही कोणत्याही निवेदकाकडून अपेक्षित गोष्ट आहे. तमिळमध्ये त्याचे एवढे कौतुक का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : कारण तमिळ लिपी वाचणाऱ्याला मदत करत नाही, तिला वाचणाऱ्याची मदत लागते. मला हा या सगळ्या विषयाचा सर्वांत सुंदर भाग वाटतो.

देवनागरीत क, ख, ग, घ ही चार अक्षरे आहेत. तमिळमध्ये या चारींसाठी एकच अक्षर आहे. प, फ, ब, भ यांसाठीही एकच. तमिळच्या स्वतःच्या शब्दांत याने काही बिघडत नाही, कारण अक्षराची जागाच त्याचा उच्चार ठरवते : शब्दाच्या आरंभी किंवा तेच अक्षर जोडून दोनदा आले तर ते कठोर, अनुनासिकानंतर मृदू, दोन स्वरांच्या मध्येही मृदू. ‘सेय्दिगळ्’ या शब्दात लिहिलेले अक्षर ‘क’चे आहे, पण दोन स्वरांच्या मध्ये सापडल्यामुळे ते ‘ग’ झाले. तमिळ मुलाला हा नियम शिकवावा लागत नाही, तो जिभेवरच असतो.

अडचण परक्या नावांची. आणि बातम्या म्हणजे परकी नावेच नावे. ‘गांधी’ हे नाव तमिळ लिपीत जसे लिहिले जाते ते नियमाप्रमाणे वाचले तर आरंभी ‘का’ येईल. ‘बंबई’ या शहराचे जे जुने तमिळ रूप आहे त्यात दोन्ही ‘ब’साठी ‘प’चे तेच अक्षर आहे, दुसरे अनुनासिकामुळे आपोआप ‘ब’ होते, पहिले मात्र ‘ब’ आहे हे वाचणाऱ्याला आधीपासून ठाऊक असावे लागते. ‘भोपाळ’चेही तेच. म्हणजे तमिळ वृत्तनिवेदिका कागदावरून नाव वाचते हे अर्धसत्य आहे. नाव तिला ठाऊक असते आणि कागद तिला त्याची आठवण करून देतो. बिहारचा आमदार, गुजरातचे धरण, पंजाबातले गाव, रशियाचा परराष्ट्रमंत्री, आफ्रिकेतली राजधानी, या सगळ्यांचे मूळ उच्चार डोक्यात बाळगणे हा तिच्या नोकरीचा न लिहिलेला भाग असतो. सरोज नारायणस्वामी मुंबईत अनेक भाषांच्या गजबजाटात वाढल्या आणि मग दिल्लीत राहिल्या. उत्तरेकडच्या नावांशी त्यांची जीभ आधीच ओळखीची होती, याचा त्यांना फार मोठा उपयोग झाला असणार, असे माझे मत आहे. तमिळ प्रदेशाबाहेर वाढल्याने त्यांचे काही कमी पडले असेल असे सहज वाटू शकते. या बाबतीत तेच त्यांचे भांडवल होते.

दुसरी बाजू याच्या उलट आहे. परकी नावे परक्यांसारखी उच्चारायची, पण तमिळ ही तमिळसारखीच. त्या भाषेत आपल्या ‘ल’ आणि ‘ळ’बरोबर तिसराही एक ध्वनी आहे, जीभ मागे वळवून टाळूला न टेकवता काढलेला. ‘तमिळ’ या शब्दाच्या शेवटी तोच ध्वनी आहे. आपण तिथे ‘ळ’ लिहितो ते केवळ जवळचे अक्षर म्हणून. रोजच्या बोलण्यात पुष्कळ तमिळ भाषकही या ध्वनीचा ‘ळ’ किंवा ‘ल’ करून टाकतात, आणि म्हणूनच जो माणूस जाहीरपणे तो अचूक उच्चारतो त्याच्याविषयी श्रोत्यांना मनापासून आदर वाटतो. शिवाय दोन प्रकारचे ‘र’ आहेत, ‘न’कारांतही भेद आहेत. बोलण्याची तमिळ आणि लिहिण्याची तमिळ यांत जे अंतर आहे ते आपल्या बोली आणि प्रमाण मराठीतल्या अंतरापेक्षा कितीतरी मोठे. घरात, बाजारात कोणीही बातम्यांची तमिळ बोलत नाही. ती ऐकायला मिळण्याची ठिकाणे मोजकी : वर्ग, व्यासपीठ आणि रेडिओ. ज्या घरात कोणाला लिहिता-वाचता येत नव्हते तिथे प्रमाण तमिळ रोज कानावर पडण्याची हमखास वेळ म्हणजे सकाळचे सव्वासात.

प्रश्न : तमिळनाडूत ‘आकाशवाणी’ या शब्दाला विरोध होता असे ऐकले आहे. मग बाई बातम्यांच्या आरंभी हाच शब्द कसा उच्चारत? (एक विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर : आपण ऐकले ते खरे आहे. गंमत अशी की हा शब्द प्रसारणासाठी प्रथम दक्षिणेतच वापरला गेला : म्हैसूरमध्ये प्रा. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ मध्ये चालवलेल्या खाजगी केंद्राचे नाव ‘आकाशवाणी’ होते. १९५० च्या दशकात केंद्र सरकारने ते साऱ्या संस्थेसाठी स्वीकारले. तमिळमध्ये रेडिओला ‘वानोलि’ म्हणतात. ‘वान’ म्हणजे आकाश, ‘ओलि’ म्हणजे ध्वनी. अर्थ तोच, पण शब्द अस्सल तमिळ. संस्कृत शब्दांऐवजी तमिळ शब्द वापरावेत असा आग्रह तिथे विसाव्या शतकाच्या आरंभापासून होता. १९६५ च्या हिंदीविरोधी आंदोलनानंतर आणि १९६७ मध्ये द्रमुक सत्तेवर आल्यानंतर तो आग्रह शासनाच्याही भाषेत उतरला. १९६९ मध्ये मद्रास राज्याचे नाव तमिळनाडू झाले. २०२३ मध्ये इंग्रजीतही ‘ऑल इंडिया रेडिओ’ऐवजी ‘आकाशवाणी’च म्हणावे असा आदेश निघाला तेव्हाही तमिळनाडूतून निषेध झालाच.

अशा काळात दिल्लीहून तमिळ बातम्या वाचणारी व्यक्ती दोन्ही बाजूंच्या मध्ये उभी असते. संस्थेचे नाव दिल्लीने ठरवलेले, ते घेणे क्रमप्राप्त. त्यापुढची दहा मिनिटे मात्र अनुवादकाच्या हातात असतात. राष्ट्रपतींना ‘कुडियरसु तलैवर’, म्हणजे प्रजासत्ताकाचे प्रमुख, असा तमिळ शब्द आहे. कायदेमंडळाला, निवडणुकीला, अर्थसंकल्पाला असेच शब्द घडत गेले, काही रुजले, काही मागे पडले. पत्रकात छापलेला नवा शब्द वाचणारे थोडे. तोच शब्द रोज एका विश्वासाच्या आवाजात ऐकू आला की लाखोंच्या तोंडी बसतो. भाषा घडवण्याचे श्रेय आपण कोशकारांना आणि साहित्यिकांना देतो. वृत्तविभागातल्या अनुवादकांचे नाव त्या यादीत येत नाही, याचे मला वाईट वाटते.

प्रश्न : आकाशवाणी ही सरकारी संस्था. आणीबाणीत तर बातम्या सरकार सांगेल तशाच दिल्या जात. मग अशा बातम्या वाचणाऱ्यांना ‘विश्वासाचा आवाज’ म्हणणे कितपत योग्य आहे? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : आपली हरकत रास्त आहे आणि तिला वळसा घालून पुढे जाणे बरोबर ठरणार नाही. २६ जून १९७५ च्या सकाळी आणीबाणीची घोषणा देशाने आकाशवाणीवरूनच ऐकली आणि पुढचे महिने वार्तापत्रे सरकारच्या सोयीची होती. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी इंदिरा गांधी यांच्या मृत्यूची बातमी परदेशी रेडिओने दुपारीच दिली. आकाशवाणीने ती संध्याकाळी सहाला दिली. आकाशवाणीला सरकारी खात्यातून बाहेर काढणारा प्रसार भारती कायदा १९९० मध्ये झाला आणि अंमलात यायला १९९७ उजाडले. तोवर, म्हणजे सरोज नारायणस्वामी यांच्या कारकिर्दीचा बहुतेक काळ, काय वाचायचे हे त्या ठरवत नव्हत्या.

तरीही श्रोत्यांचा विश्वास खोटा नव्हता, फक्त तो नेमका कशावर होता हे पाहावे लागेल. बातमी पूर्ण आहे असे श्रोते मानत नव्हते. तमिळनाडूसारख्या राजकारणात मुरलेल्या राज्यात तर नाहीच. पण जे सांगितले जात आहे ते स्वतःचा रंग न चढवता, न घाबरता, न उसळता सांगितले जात आहे, आकडा आहे तोच आहे, नाव आहे तेच आहे, वाऱ्या-पावसाचा इशारा आहे तसाच आहे, याची खात्री त्यांना होती. किनाऱ्यावरच्या कोळ्यासाठी आणि भात पेरणाऱ्या शेतकऱ्यासाठी हा विश्वास जिवाभावाचा होता. काय वगळले याचा दोष संस्थेच्या आणि तिच्या मालकांच्या पदरी घालावा. जे दिले ते कसे दिले याचे श्रेय वाचणाऱ्यांना द्यावे. दोन्ही हिशेब वेगळे ठेवणे मला न्यायाचे वाटते.

प्रश्न : तमिळ रेडिओवरील इतर स्त्रियांविषयीही लिहावे. (एक वाचिका, डोंबिवली)

उत्तर : थोडक्यात लिहितो. आपल्याकडे रेडिओ सिलोन म्हटले की अमीन सायानी आठवतात. तमिळ श्रोत्यांना त्याच कोलंबोहून येणारी तमिळ सेवा आठवते, आणि तिच्यासोबत राजेश्वरी षण्मुगम यांचे नाव. १९३८ मध्ये जन्मलेल्या राजेश्वरी रेडिओ नाटकांतून निवेदनाकडे आल्या. श्रोते त्यांना ‘वानोलिक्कुयिल’, म्हणजे नभोवाणीची कोकिळा, म्हणत. १९५२ मध्ये माहितीमंत्री बी. व्ही. केसकर यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीते हद्दपार झाली, तेव्हा तमिळनाडूचे श्रोतेही कोलंबोकडे वळले. १९५७ मध्ये विविध भारती सुरू झाल्यावरही तमिळ श्रोत्यांचे ते प्रेम ओसरले नाही. राजेश्वरी यांचे २०१२ मध्ये निधन झाले.

दोघींची तुलना मात्र करू नये. राजेश्वरी षण्मुगम यांच्या कामात श्रोत्याशी गप्पा होत्या, हसू होते, गाण्याआधीची दोन वाक्ये त्यांची स्वतःची होती. सरोज नारायणस्वामी यांना पस्तीस वर्षांत स्वतःविषयी बोलण्याची मुभा बातम्यांच्या आरंभीच्या एका वाक्यापुरती होती, आणि त्यातही फक्त नाव. दिल्लीत वृत्तनिवेदनात स्त्रियांचा आवाज नवा नव्हता, कारण सईदा बानो १३ ऑगस्ट १९४७ पासून उर्दू बातम्या वाचू लागल्या होत्या. पण नवा नसला तरी तो सोपाही नव्हता : पहाटेच्या आणि रात्रीच्या पाळ्या, घर, मुले आणि भल्या पहाटे दाराशी येणारी कार्यालयाची गाडी, हे गणित त्या काळच्या प्रत्येक निवेदिकेला सोडवावे लागले.

प्रश्न : माझे घर मराठी, पण जन्म आणि शिक्षण चेन्नईत झाले. मराठी मी घरात बोलते, शाळेत कधी शिकले नाही. मला मराठी बातम्या वाचायच्या आहेत. बाहेर वाढलेल्या मुलीने याचा विचार करावा का? (एक विद्यार्थिनी, चेन्नई)

उत्तर : अवश्य करावा. सरोज नारायणस्वामी यांच्या चरित्राचे हे जणू आरशातले प्रतिबिंब आहे : तंजावरकडच्या घरातली मुंबईची मुलगी तमिळचा आवाज झाली, तर मराठी घरातली चेन्नईची मुलगी मराठीचा आवाज का होऊ नये? तंजावरने तर मराठी राज्यही पाहिले आहे, तिथली मराठी घरे आजही आपली बोली जपून आहेत.

मात्र तयारी नेमकी हवी. आकाशवाणीच्या मराठी वृत्तविभागांत, म्हणजे मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे, हंगामी वृत्तनिवेदक घेताना केवळ आवाजाची चाचणी होत नाही, अनुवादाची लेखी परीक्षाही असते, आणि बहुतेक उमेदवार तिथेच अडतात. म्हणून रोज इंग्रजी वृत्तपत्रातली एक बातमी घेऊन वीस मिनिटांत तिचे मराठी करावे आणि ते कागदावर न पाहता कोणाला तरी सांगून पाहावे. ऐकणाऱ्याला एकदाच ऐकून कळले तर अनुवाद जमला. घरातल्या मराठीत ज्या शब्दांची वेळच येत नाही ते, म्हणजे विधेयक, अध्यादेश, पतधोरण, सर्वसाधारण सभा असे, एका वहीत लिहून मोठ्याने म्हणावेत. ‘च’, ‘ज’, ‘झ’ यांचे तालव्य आणि दंततालव्य असे दोन उच्चार तमिळ वातावरणात वाढलेल्या जिभेला सहज येत नाहीत. ‘चार’ आणि ‘चमचा’, ‘जग’ आणि ‘जीवन’ अशा जोड्या ध्वनिमुद्रित करून ऐकाव्यात. ‘ख’, ‘घ’, ‘भ’ यांतला श्वास गळत नाही ना, हेही पाहावे. वाक्याच्या शेवटच्या शब्दावर आवाज खाली पडू देऊ नये. ‘ळ’ची काळजी आपल्याला करावी लागणार नाही, तो तमिळने आधीच पक्का करून दिला आहे. आणि दक्षिणेतल्या माणसांची, गावांची, नद्यांची नावे जशी आपण उच्चाराल तशी मुंबई-पुण्यात वाढलेल्या निवेदकांना क्वचितच उच्चारता येतात. चाचणीच्या दिवशी अशा एखाद्या नावाची बातमी समोर आली तर घाईने पुढे जाऊ नये, ते नाव पूर्ण, सावकाश वाचावे.